खरी गोष्ट वाचताना पेन्सिल जवळ ठेवा

कथा-कादंबऱ्यांची सवय असलेला वाचक हौसेने एखादं चरित्र किंवा इतिहासाचं पुस्तक घरी आणतो. चाळीसेक पानं होतात. तेवढ्यात जेमतेम प्रस्तावना संपलेली असते, वंशावळ सुरू झालेली असते, आणि पुस्तक टीव्हीशेजारी जाऊन पडतं ते परतीची तारीख उलटेपर्यंत. यात दोष पुस्तकाचा क्वचितच असतो आणि वाचणाऱ्याच्या बुद्धीचा तर नसतोच. कादंबरी वाचतात तसंच, पहिल्या पानापासून ओळीने, ते वाचायला घेतलेलं असतं एवढंच.

कादंबरीत 'पुढे काय झालं?' या उत्सुकतेवर पानं उलटतात. खऱ्या गोष्टीत पुढे काय झालं ते पुष्कळदा आधीच ठाऊक असतं. तिथे दुसरा प्रश्न हाताशी धरावा लागतो: 'हे लेखकाला कसं कळलं?' तो धरला की तळटीपसुद्धा चवीने वाचली जाते. खालची सगळी रीत या प्रश्नाभोवतीच आहे. उदाहरणं नाशिकची घेतली आहेत, कारण जी जागा रिक्षाने जाऊन पाहता येते तिथे घडलेली गोष्ट नवख्या वाचकाला लवकर पकडते.

कपाटासमोरची पाच मिनिटं

सुरुवातीला १५० ते २२० पानांचं पुस्तक घ्या. नेहमीच्या डेमी आकाराच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द बसतात आणि असं पान निवांत वाचायला दीड-दोन मिनिटं लागतात. म्हणजे दोनशे पानांना पाच ते सात तास; रोज अर्धा तास दिला तर दोन आठवडे. बहुतेक वाचनालयांच्या मुदतीत हे बसतं. सहाशे पानांचं चरित्र पहिल्याच झटक्यात उचललं तर दीड महिना एकाच माणसाच्या सहवासात काढावा लागतो, आणि तो माणूस कितीही थोर असला तरी कंटाळा येतो.

मलपृष्ठ शेवटी वाचा. तिथला मजकूर पुस्तक खपावं म्हणून लिहिलेला असतो. आधी श्रेयपान उघडा. पहिली आवृत्ती कधीची आणि हातातली कधीची हे तिथे कळतं. दोन्हींत चाळीस वर्षांचं अंतर असेल आणि 'सुधारित' असा शब्द कुठे नसेल, तर आतली माहितीही तेवढीच जुनी आहे हे धरून चला. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं नाव आणि वर्ष तिथेच असायला हवं. नसेल तर पुस्तक जागेवर ठेवलेलं बरं. मग अनुक्रमणिका पाहा. एखादं तरी प्रकरण आत्ताच उभ्या उभ्या वाचावंसं वाटतंय का? नसेल तर घरी गेल्यावरही वाटणार नाही. त्यानंतर शेवटची पानं: संदर्भसूची, नामसूची, परिशिष्टं. मराठीत चांगल्या पुस्तकांनाही नामसूची नसते, तेव्हा ती नसणं हा गुन्हा धरू नका, पण असेल तर पुस्तकावर कष्ट घेतलेत हे समजा. शेवटी मधलं कुठलंही एक पान पूर्ण वाचा. अनुवादाची परीक्षा इथेच होते. तीन वाक्यं दोनदा वाचावी लागली तर अख्खं पुस्तक तसंच असणार.

नाशकात ही पाहणी करायला सार्वजनिक वाचनालयासारखी जागा नाही. लोक त्याला सावाना म्हणतात आणि ते १८४० सालचं आहे, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी धावण्याच्या तेरा वर्षं आधीचं. काही वाचनालयांत पुस्तकं दशांश वर्गीकरणाने, म्हणजे विषयाला आकडा देऊन, लावलेली असतात. तिथे चार आकडे पाठ असले की काम भागतं: ९२० म्हणजे चरित्रं, ९१० म्हणजे प्रवास, ९५४ म्हणजे भारताचा इतिहास आणि ३६४ म्हणजे गुन्हे व तपास. जिथे नुसती 'ललित' आणि 'ललितेतर' अशी कपाटं असतात तिथे घोटाळा होतो, कारण आत्मचरित्रं दोन्हीकडे सापडतात. सरळ काउंटरवर विचारा. आणि 'काहीतरी चांगलं द्या' असं विचारू नका. 'खटल्यावरचं आहे का?', 'बाईने लिहिलेलं आत्मचरित्र आहे का?' असं विचारलं की ग्रंथपालाचा चेहराही खुलतो.

वाचनालयापर्यंत जाणं होत नसेल तर 'ग्रंथ तुमच्या दारी' ही कुसुमाग्रज प्रतिष्ठानची योजना आहे. नाशकातच सुरू झालेल्या या योजनेत शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते. सोसायटीत अशी पेटी असेल तर कादंबऱ्या पहिल्या आठवड्यात उडतात आणि ललितेतर तळाशी राहतं. तुमच्या फायद्याचीच गोष्ट.

चरित्र समजून कादंबरी वाचली जाते तेव्हा

मराठी वाचकाची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. ऐतिहासिक आणि चरित्रात्मक कादंबऱ्या आपल्याकडे इतक्या रुजल्या आहेत की त्यातले प्रसंग लोक भाषणांत, व्हॉट्सॲपवर, अगदी शाळेच्या निबंधांतही इतिहास म्हणून सांगतात. कादंबरी वाचण्यात काही गैर नाही. ती कादंबरी आहे हे माहीत असावं, बस्स.

ओळखायचं कसं? संवाद बघा. 'महाराज गवाक्षापाशी उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते पुटपुटले…' असं काही आलं की थांबा आणि तो नेहमीचा प्रश्न विचारा. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, मग पुटपुटणं ऐकलं कोणी? ऐकणाऱ्याने कुठे लिहून ठेवलं असेल, पत्रात असेल, साक्षीत असेल, तर जबाबदार लेखक तसं सांगतो, कधी वाक्यातच, कधी तळटीपेत. काहीच सांगितलं नसेल तर ती लेखकाची प्रतिभा. मनातले विचार, स्वप्नं, हवामानाचं बारीक वर्णन आणि मरणाऱ्याचे शेवटचे शब्द या चार जागी लेखणी हमखास सैल सुटते. पेन्सिलीने समासात एक छोटं प्रश्नचिन्ह काढा. पुस्तक स्वतःचं असेल तरच, हे सांगायला नको. वाचनालयाच्या पुस्तकासाठी कागदाच्या पट्टीवर पान नंबर टाका.

आत्मचरित्राचा मामला थोडा वेगळा. तिथे 'कसं कळलं' याचं उत्तर सोपं आहे, तो माणूस स्वतः हजर होता. पण तीस-चाळीस वर्षांनी आठवून लिहिलेल्या गोष्टीत तारखा सरकतात, दोन प्रसंगांचा एक होतो आणि भांडणात चूक नेहमी समोरच्याचीच निघते. म्हणून आत्मचरित्रातून तारीख उचलू नये. घर, जेवण, भीती, पैशाची ओढाताण, माणसांचं बोलणं उचलावं. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सुरुवातीला द्यावीत ती यासाठीच. तुकड्या-तुकड्यांनी वाचता येतात आणि कुठूनही उघडली तरी चालतात.

एका पानावर तारखांची पट्टी

आता प्रत्यक्ष कृती. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री जुन्या नाशकातल्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, हे नाशकातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. जॅक्सनची बदली झाली होती आणि त्याच्यासाठी 'संगीत शारदा'चा प्रयोग ठेवला होता. या विषयावरचं कुठलंही पुस्तक घेतलंत तरी पहिल्या दोन प्रकरणांत पंचवीसेक नावं अंगावर येतात आणि वाचक तिथेच गार पडतो. त्यावर उपाय असा: ए-फोर कागद आडवा धरा, मधून एक रेघ ओढा आणि वाचता वाचता तारखा तिच्यावर भरत जा.

जून १९०९: विनायक सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव यांना कवितांच्या प्रकाशनावरून जन्मठेप, काळं पाणी. १ जुलै १९०९: लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्यावर गोळ्या झाडतात. २१ डिसेंबर: नाशिक. १३ मार्च १९१०: विनायक सावरकरांना लंडनमध्ये अटक. १९ एप्रिल १९१०: ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना फाशी.

एवढ्या पाच खुणा झाल्या की पुस्तकातली गर्दी आपोआप हलते. गोळीबार ते फाशी हे अंतर चार महिन्यांपेक्षाही कमी आहे, हे कागदावर दिसतं तेव्हा अंगावर काटा येतो. परिच्छेदांत विखुरलेलं असतं तेव्हा लक्षातही येत नाही. रेघेच्या वर नाशिक आणि खाली लंडन असं लिहिलंत तर पिस्तुलं तिकडून इकडे कशी आली ते प्रकरण सरळ समजतं. पट्टीवर दहा-बारापेक्षा जास्त तारखा भरू नका. वीस झाल्या की ती पट्टी राहत नाही, गाइड होतं.

नावांसाठी त्याच कागदाच्या मागे तीन रकाने करा: कोण, कोणाचा कोण, शेवटी काय झालं. एकाच आडनावाचे तीन भाऊ आले की रकाना उपयोगी पडतो.

मग त्याच घटनेचं दुसऱ्या बाजूचं काहीतरी वाचा. जॅक्सन हा संस्कृतचा जाणकार होता. त्याने जमवलेली गुजरात आणि कोकणातल्या लोकसमजुतींची माहिती त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने संपादित करून छापली. एकीकडे हा अभ्यासक आणि दुसरीकडे बाबारावांना खटल्यासाठी पुढे पाठवणारा कलेक्टर. दोन्ही खरे आहेत. एकाच पुस्तकावर थांबलं तर यातला एकच हाती लागतो. दुसरं पुस्तक अख्खं वाचायची गरज नाही. नामसूचीत 'जॅक्सन' शोधा आणि तेवढीच पानं वाचा. बारा पानांत काम होतं.

पत्रव्यवहाराची पुस्तकं याच पट्टीवर ठेवून वाचावीत, नाहीतर ती फार रूक्ष लागतात. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यांचे नाशिकचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांना बाबासाहेबांनी लिहिलेली पत्रं पुस्तकरूपात आहेत. पत्राची तारीख पट्टीवर ठेवली की ध्यानात येतं, लिहिणाऱ्याला पुढचं काहीच माहीत नाही आणि आपल्याला सगळं माहीत आहे. पत्रं वाचण्याची गंमत त्या फरकात आहे. रोज चार-पाचच वाचा. एका बैठकीत पन्नास वाचली तर सगळी एकसारखी वाटू लागतात.

आकडा दिसला की करून बघा

इतिहासाच्या पुस्तकातले आकडे वाचक डोळ्यांनी ओलांडतो. ते ओलांडू नयेत. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. पुस्तकांत तो 'दानलेख' म्हणून एका ओळीत उरकलेला असतो. पण त्यात काय म्हटलंय ते बघा. त्याने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, व्याज भिक्षूंवर खर्च करायचं.

पेन्सिल काढा. दोन हजारांवर दरमहा एक टक्का म्हणजे २०, वर्षाचे २४०. लेखात पुढे लिहिलंय की लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ द्यावेत. वीस गुणिले बारा, २४०. हिशोब पैशाला पैसा जुळतो. दुसऱ्या ठेवीचं व्याज महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. ते किरकोळ खर्चाला. म्हणजे ही नाशिकची फिक्स डिपॉझिट, आणि बँक विणकरांची. हा हिशोब एकदा स्वतः केलात की 'व्यापारी श्रेणी भरभराटीला आल्या होत्या' या पाठ्यपुस्तकी वाक्यामागे खरे लोक दिसायला लागतात: हातमाग चालवणारे, वर्षाला बारा टक्के देऊ शकणारे, राजाच्या जावयानेही ज्यांच्यावर पैसा सोपवावा असे.

रविवारी सकाळी लवकर लेण्यांवर जा. लेख ब्राह्मी लिपीत आहे, त्यामुळे वाचता येणार नाही, पण लेखाच्या मराठी भाषांतराचं पान मोबाईलवर काढून त्याच्यासमोर उभं राहता येतं. दुपारी उन्हाने पायऱ्या तापतात आणि गर्दीही वाढते. घरी बसून ते पान वाचणं वेगळं आणि तिथे वाचणं वेगळं.

जुन्या पुस्तकांची किल्ली

१९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी छापलेल्या पुस्तकांत 'नाहीं', 'तें', 'केलें' असे अनुस्वार असतात. ते वाचताना उच्चारू नका. दहा पानांत डोळा सरावतो. तारीख शकात असेल तर ७८ मिळवा, शके १८३१ म्हणजे १९०९. मात्र शक चैत्रात बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या घटनेला ७९ मिळवावे लागतात. जुन्या चरित्रांतल्या तारखा एका वर्षाने चुकतात त्यातल्या पुष्कळ इथेच चुकलेल्या असतात. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. पैशांचं गणित १९५७ पूर्वीचं: १६ आण्यांचा रुपया, ४ पैशांचा किंवा १२ पैंचा आणा. कोस साधारण दोन मैलांचा.

कॉपीराइट आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. त्यापलीकडची अनेक मराठी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात. तिथली पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो असतात, म्हणून मोबाईलच्या उभ्या पडद्यावर अक्षर मुंगीएवढं दिसतं. फोन आडवा करा, पानाची रुंदी पडद्याभर करा आणि एका वेळी दहा पानांवर जाऊ नका. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथही तिथे आहे. ते वाचायला बसू नका, कोणीच बसत नाही. शेवटी गावांची यादी आहे, त्यात आपलं गाव काढा: निफाड, सिन्नर, चांदवड, जे असेल ते. बाजार कोणत्या वारी भरायचा, वस्ती किती, तिथवर मन रमतं. शंका आली तर मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. एका नोंदीत पाच मिनिटांत पार्श्वभूमी मिळते आणि पुस्तकापासून लक्षही उडत नाही, जे मोबाईलवर इतर काही उघडलं की उडतंच.

कुठे अडतं

प्रस्तावनेपाशी सगळ्यात जास्त. मराठी पुस्तकाला कोणा ज्येष्ठांची वीस-तीस पानी प्रस्तावना असते आणि तिच्यात शेवटासकट सगळं पुस्तक सांगून टाकलेलं असतं. ती पुस्तक संपल्यावर वाचा. लेखकाचं मनोगत मात्र आधी वाचा, कारण साधनं कुठून मिळवली, कोणाला भेटलो, हे तिथेच असतं. आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या चार पानांत मिळतं.

दुसरी अडचण बालपणाची. चरित्राची पहिली तीन प्रकरणं घराणं, गोत्र आणि मुंज यांत जातात. सोडा ती. ज्या कामासाठी तो माणूस ओळखला जातो तिथून सुरू करा. माणसात रस उत्पन्न झाला की बालपण वाचायला आपण आपणहून मागे येतो. तीस पानं वाचूनही काही हाती लागलं नाही तर मधलं एक प्रकरण वाचा. तेही लागलं नाही तर पुस्तक परत करा. अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, वर्गणी दोन्हीसाठी सारखीच आहे.

खून-दरोड्यांच्या सत्यकथांबद्दल एक वेगळी सूचना. त्यात बळी पडलेल्या माणसाचं घर, गाव, नातेवाईक खरे असतात, बहुधा हयातही असतात. निकाल लागलेला आहे की खटला चालू आहे हे आधी पाहा, आणि पोलिसांनी सांगितलेलं, कोर्टात सिद्ध झालेलं आणि लेखकाने रंगवलेलं असे तीन कप्पे मनात ठेवा. तीनही एकाच सुरात सांगणारं पुस्तक चटकदार असतं आणि भरवशाचं नसतं. रात्री झोपताना तर ते नकोच. त्या वेळेला प्रवासवर्णन किंवा निसर्गावरचं काहीतरी बरं, ज्यात कुठेही थांबलं तरी बिघडत नाही.

हाताला वेळ नसेल तर कान वापरा. आत्मचरित्रं ऐकायला उत्तम लागतात, कारण ती मुळात बोलल्यासारखीच लिहिलेली असतात. तारखा आणि नावांनी भरलेला इतिहास मात्र नाशिकरोडवरून येताना द्वारकेच्या चौकात गर्दीत ऐकू नये, धागा तुटतो आणि मागे जाऊन शोधता येत नाही. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. एखादा वक्ता आवडला तर त्याने बोलण्यात कोणत्या पुस्तकाचं नाव घेतलं ते टिपून घ्या. दुसऱ्याच दिवशी वाचनालयात मागा, चार दिवस गेले की ते टिपण खिशात धुतलं जातं.

दोघा-चौघांनी मिळून वाचणार असाल तर सगळ्यांनी एकच पुस्तक वाचू नका. एकाच घटनेवरची वेगवेगळी पुस्तकं वाटून घ्या: एकाने आत्मचरित्र, एकाने खटल्याचा वृत्तांत, एकाने सरकारी दप्तरावर बेतलेलं. मग चहाला बसल्यावर 'माझ्यात तर असं नाहीये' हे वाक्य येतंच, आणि गप्पांना विषय शोधावा लागत नाही.

पुढचं पुस्तक जाहिरातीवरून घेण्यापेक्षा आधीच्याच्या संदर्भसूचीतून घ्या. लेखकाने ज्याचा हवाला तीन-चारदा दिलाय ते. शीर्षक, लेखक आणि प्रकाशनवर्ष तिन्ही लिहून न्या. नुसत्या नावावर एकाच शीर्षकाची दोन-तीन पुस्तकं निघतात आणि घरी येतं ते भलतंच.